सहा देशांचे पाहुणे, एकच टेबल : 'तुमच्याकडे सगळे असेच का?' या गप्पा कशा सांभाळायच्या?

धरणकाठ_होमस्टे

नमस्कार मंडळी. गंगापूर धरणाच्या बाजूला आमचा छोटा होमस्टे आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चार रात्रींसाठी सहा पाहुणे येताहेत : जर्मनी, जपान, ब्राझील, इराण, फिनलंड आणि नेदरलँड्स, प्रत्येकी एक. कुणीच कुणाला ओळखत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना अंगणात एकत्र बसवायचा विचार आहे. आपापला देश, एकमेकांच्या देशांबद्दलचे समज, कुणाला कुठे फिरायचंय, अशा दोनेक तास गप्पा आणि मग जेवण.

अशा गप्पा बहुतेक वेळा 'जर्मन शिस्तीचे, ब्राझील म्हणजे फुटबॉल, इंडिया म्हणजे करी' इथवर येऊन आटपतात, नाहीतर एखादा मनाला लावून घेतो आणि गप्प बसतो. म्हणून विचारते. सुरुवात कशाने करावी? कुठल्या देशाबद्दल काय बोलताना जपावं? जेवायला नाशिकची मिसळ ठेवली तर चालेल का? आणि फिरण्याचा विषय निघाला की आपल्या बाजूने काय सांगण्यासारखं आहे?

बोलायचं काम मुलगी करणार आहे, इंग्रजीत. दोघातिघांचं इंग्रजी बेताचंच असेल असं त्यांच्या मेलवरून वाटतंय.

---

नकाशावाला

ताई, 'तुमच्या देशाबद्दल सांगा' हा प्रश्न मुलीला विचारू देऊ नका. त्यावर माणूस पर्यटन खात्याचं माहितीपत्रक म्हणून दाखवतो. आकाराने सुरुवात करा. आकारावर कुणी रुसत नाही आणि प्रत्येकाला धक्का बसतोच.

नाशिक जिल्हा हे माप धरा. क्षेत्रफळ सुमारे १५,५०० चौरस किमी, २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ६१ लाख. आता फिनलंडच्या पाहुण्याला विचारा, तुमच्या देशात माणसं किती? उत्तर येईल ५६ लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यापेक्षा कमी. आणि देश केवढा? ३.३८ लाख चौ. किमी, महाराष्ट्रापेक्षा (३.०८ लाख) मोठा. 'फिनिश माणूस अबोल का' यावर तासभर बोलण्यापेक्षा हे दोन आकडे शेजारी ठेवले की लोक आपोआप विचारायला लागतात, की शेजारचं घर किती लांब असतं, शाळा किती लांब, हिवाळ्यात रस्ता कोण साफ करतं.

नेदरलँड्स साधारण ४१,५०० चौ. किमी, आपले पावणेतीन जिल्हे. त्यात पावणेदोन कोटींहून जास्त लोक. जर्मनी महाराष्ट्राच्या जेमतेम सव्वापट किंवा त्याहून थोडी कमी, लोक सव्वाआठ कोटींच्या वर. आपण २०११लाच सव्वाअकरा कोटी होतो. ब्राझील ८५ लाख चौ. किमी, भारताच्या अडीचपटीहून मोठा, आणि लोक २० कोटींच्या थोडे वर.

नकाशा भिंतीवर लावणार असाल तर दोन गोष्टी बघा. शाळेच्या दुकानात मिळणारा नकाशा मर्केटर पद्धतीचा असेल तर ध्रुवाकडचे देश ताणलेले दिसतात. त्यात ग्रीनलंड भारताहून कितीतरी मोठा दिसतो, प्रत्यक्षात भारत ३२.९ लाख चौ. किमी आणि ग्रीनलंड २१.७ लाख. दुसरं, परदेशी संकेतस्थळावरून उतरवून छापलेला नकाशा लावू नका. त्यात काश्मीरची सीमा हमखास वेगळी असते, आणि भारताचा चुकीच्या सीमांचा नकाशा प्रसिद्ध करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. भारतात छापलेलाच घ्या. इराणच्या दक्षिणेच्या आखातावर 'पर्शियन' शब्द आहे ना तेही बघून घ्या. इराणी माणसाला त्या नावाचं फार असतं.

---

उपनगर_जर्मन_वर्ग

नकाशावाल्यांचं पटतं, पण समजांचा विषय टाळता येणार नाही. तो निघणारच. मग तो मोजता येईल अशा गोष्टीवर आणून ठेवायचा.

जर्मन वक्तशीरपणाचंच घ्या. तुमच्या जर्मन पाहुण्याला कुणी 'तुमच्या गाड्या वेळेवर असतात ना' म्हटलं की तो एकतर हसेल नाहीतर कपाळावर हात मारेल. २०२४मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या. त्यातही 'वेळेवर' म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर, आणि रद्द झालेल्या गाड्या हिशेबात धरतच नाहीत. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये निकष तीन मिनिटांचा आणि तरी नव्वद टक्क्यांच्या वर. जपानमध्ये तर २०१७च्या नोव्हेंबरात त्सुकुबा एक्स्प्रेस २० सेकंद लवकर सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली होती. रेल्वे हा या टेबलासाठी फार चांगला विषय आहे. पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांइतकंच कळकळीने सगळे बोलतात.

मात्र गाड्या उशिरा येतात म्हणून जर्मन माणूसही उशिरा येतो असं समजू नका. सात म्हटलं तर सातला पाच कमी असताना तो अंगणात उभा असेल. ब्राझीलमध्ये घरगुती बोलावण्याला सातच्या ठोक्याला पोचणं उलट अवघडल्यासारखं असतं, अर्धा तास इकडेतिकडे चालतो. म्हणून 'सात ते साडेसात सरबत, साडेसातला बसायचं' असं लिहूनच द्या. दोघंही सुखी.

आता 'नाही'. घोळ होतो तो बहुतेक इथेच. डच आणि जर्मन माणूस 'नको' म्हणाला तर ते नकोच असतं, पुन्हा वाढायला जाऊ नका. आणि तुम्ही संकोचाने 'नको नको' म्हणालात तर तो दुसऱ्यांदा विचारणार नाही. डच स्पष्टवक्तेपणाला उद्धटपणा समजू नका. 'भाजी खारट आहे' हे त्याच्या मते माहिती देणं आहे. जपानी पाहुणा सरळ नाही म्हणणार नाही. 'चोत्तो...' असं म्हणून वाक्य अर्धवट सोडेल, मान थोडी वाकडी करेल, दाताच्या फटीतून श्वास आत घेईल. तेच 'नाही'. त्याला 'आवडलं का?' विचारलंत तर उत्तर 'हो'च येणार. त्यापेक्षा 'हे की ते?' असं विचारा. फिनिश माणसाला प्रश्न विचारला की मनातल्या मनात चारपर्यंत मोजा. तो विचार करत असतो, आणि आपण त्या शांततेला घाबरून दुसरा प्रश्न टाकतो. मुलीला ही एक गोष्ट आवर्जून सांगा.

आणि दारावरचं स्वस्तिक. उंबऱ्यावर, रांगोळीत, गाडीवर, मीटरच्या पेटीवर, आपल्याला ते दिसतही नाही. जर्मनीत नाझी चिन्हं जाहीरपणे वापरणं फौजदारी गुन्हा आहे, शाळेपासून ते मुलांच्या मनावर बिंबवलेलं असतं. पाहुणा आत येताना थबकला तर दोन वाक्यांत सांगा : शब्द 'सु' आणि 'अस्ति' यांतून आलेला, अर्थ 'कल्याण असो', आणि वापर नाझींच्या दोन हजार वर्षांहूनही आधीचा. लपवू नका, पुसू नका. जपानी पाहुणा टेबलावर असेल तर तोच मदत करेल. जपानच्या नकाशांवर बौद्ध मंदिराची खूण उलट्या दिशेचं स्वस्तिकच आहे, त्याला ते 'मांजी' म्हणतात.

सहज जीभ घसरते त्या जागा सांगून ठेवते. नेदरलँड्सला 'हॉलंड' म्हणू नका. हॉलंड म्हणजे त्यांच्या १२ प्रांतांपैकी दोन, आणि २०२०पासून सरकारनेही ते नाव प्रचारातून काढलंय. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज, स्पॅनिश नाही. राजधानी १९६०पासून ब्राझिलिया, रिओ नाही. इराणी माणूस अरब नाही, त्याची भाषा फारसी. अंगठा आणि तर्जनी जुळवून 'मस्त' दाखवायची खूण ब्राझिलियनसमोर करू नका, तिथे ती शिवी आहे. इराणमध्ये जुन्या पिढीला अंगठा वर केलेलाही खटकतो. थोडक्यात, हात टेबलावर ठेवा.

---

धरणकाठ_होमस्टे

वा, स्वस्तिकाचं डोक्यातच आलं नव्हतं. दारातच आहे, फरशीत कोरलेलं. इराणच्या पाहुण्याचं विचारायचं राहिलं : तेही 'नको' म्हटलं की नकोच धरायचं का?

---

पांडवलेणी_पायवाट

नाही ताई, तिथे उलटं. इराणमध्ये 'तारोफ' नावाचा शिष्टाचार आहे आणि तो आपल्याला शिकवावा लागत नाही. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा म्हणतो, तिसऱ्यांदा आग्रह झाला की घेतो. दुकानदारसुद्धा पैसे द्यायला गेलं की 'तुमच्यापुढे याची काय किंमत' म्हणतो. ते खरं मानून माल घेऊन निघायचं नसतं. आपल्याकडच्या पंगतीतल्या आग्रहाशी इतकं जुळतं, की ही जोडी टेबलावर मांडली तर जर्मन आणि डच पाहुणे वहीत लिहून घेतील. वाढणाऱ्या माणसाला एवढंच सांगा : इराण तीनदा विचारायचं, जपानला 'हे की ते?' असं, जर्मनी-नेदरलँड्स-फिनलंड एकदा. ब्राझीलचं ताट रिकामं दिसलं की वाढा.

आता भाषेचा खेळ सांगतो. इंग्रजी बेताचं असलेल्यांना तो सगळ्यात सोपा. मराठी शब्द मोठ्या अक्षरात रोमन लिपीत लिहून चिठ्ठ्या करा, मागे चित्र काढा.

ब्राझीलच्या पाहुण्यासाठी : बटाटा, पाव, अननस, काजू, चावी, फीत, घमेलं. हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेले. त्यांच्या तोंडी बताता, पाऊं, शावी, फीता, गामेला. काजू तर मुळात ब्राझीलच्या तुपी लोकांचा शब्द, पोर्तुगीजातून आपल्याकडे आला, झाडासकट. घमेल्याचं चित्र दाखवाल तेव्हा त्याचा चेहरा बघा. त्यांच्याकडे ते लाकडाचं असतं.

इराणच्या पाहुण्यासाठी : शहर, बाजार, दरवाजा, जमीन, कागद, हजार, पनीर. एकही शब्द समजावून सांगावा लागणार नाही. 'हजार'ला तो 'हेजार' म्हणेल आणि पनीर दाखवलंत तर म्हणेल, हे आमच्या पनीरसारखं अजिबात नाही. बरोबर आहे, त्यांचं खारट असतं, नाश्त्याला पोळीसारख्या नानबरोबर खातात.

जपानी पाहुण्याला शब्द नको, क्रम दाखवा. त्यांची अक्षरमाला म्हणायला सांगा : आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मग मुलीने आपलं क, च, त, न, प, म, य, र, व म्हणावं. तोच ओघ. बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचलेल्या संस्कृत वर्णमालेचा हा ठसा आहे. सरस्वतीही तिकडे आहे, बेंझाइतेन या नावाने, हातात वीणेऐवजी बिवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना पांडवलेण्यावर नेणार असाल (न्याच, सकाळी आठच्या आत, पायऱ्यांवर ऊन यायच्या आधी) तर जपानी पाहुण्याला तिथल्या २४ बौद्ध लेण्यांचं फारसं सांगावं लागणार नाही. मात्र सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख तेवढा दाखवा. दोन हजार वर्षांच्या आसपासचा, आणि एका आईने आपल्या मुलाच्या पराक्रमाबद्दल कोरवलेला. हे कळायला कुठल्याच देशाच्या माणसाला दुभाषा लागत नाही.

फिनिश पाहुण्याला या खेळात फारसं काही मिळणार नाही. त्याची भाषा आपल्या, जर्मन, फारसी, पोर्तुगीज, डच या कुळातली नाहीच. तेच त्याला सांगा : या टेबलावर मराठी आणि जर्मन लांबच्या बहिणी, आणि युरोपातलाच असून तू परका. फिनिश लोकांना हे सांगितलेलं आवडतं, हा माझा ठरीव समज आहे, धरून चाला.

---

काळा_मसाला

मिसळ ठेवाच, पण रात्रीच्या जेवणाला नको, दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीला. गप्पांच्या रात्री साधं ठेवा. फिनिश आणि जर्मन माणूस घरी सहा-सातला जेवलेला असतो, त्यामुळे साडेनऊला पान वाढलंत तर ते भुकेने गप्प होतील. पावणेसातला भाजलेला मका, काकडी, द्राक्षं. आठला जेवण.

पण आधी मेल करून ॲलर्जी विचारा, आणि 'शाकाहारी का' एवढंच विचारून थांबू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी युरोपात लोक जिवावरची मानतात, ती असतेही. आपल्याकडे कूट कशात नसतं? काकडीची कोशिंबीर, भरलं वांगं, साबुदाणा, ठेचा, कित्येक घरी आमटीतसुद्धा. ज्या पळीने कूट घातलं तीच पळी दुसऱ्या भांड्यात गेली तरी पुरे होतं. तसा पाहुणा असेल तर त्या चार दिवसांत घरात कूट नकोच, शेंगदाणा तेलही नको.

दुसरी फसवी जागा हिंग. ज्याला गहू चालत नाही त्याला तुम्ही भाकरी वाढाल आणि फोडणीत हिंग घालाल. बाजारातला डबीतला हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात बांधलेला असतो. डबीवर वाचून घ्या. तांदळाच्या पिठातला मिळतो, नाहीतर चार दिवस हिंगाविना फोडणी द्या.

आता मिसळ. नऊ जणांना अर्धा किलो कोरडी मटकी पुरते. दहा तास भिजवा, मग फडक्यात. फेब्रुवारीत धरणाकाठी रात्रीचा गारवा असतो, मोडाला पूर्ण दिवस लागतो. पुरचुंडी पिठाच्या डब्यामागे किंवा बंद ओव्हनमध्ये ठेवा. रस्सा तीन भांड्यांत करा : एक बिनतिखट मटकीची उसळ, एक मध्यम रस्सा, आणि वरची तर्री वेगळ्या छोट्या वाटीत चमच्यासह. जेवणारा आपापली तर्री घेईल. सरमिसळ करून वाढलीत तर परत फिरता येत नाही. जवळ दही भरपूर. पाणी प्यायल्याने तिखट उतरत नाही, कारण मिरचीतला तिखट घटक पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. हे आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.

ताट समोर आलं की मुलीला ताटातच जग दाखवता येईल. मटकी आपली. कांदा मध्य आशिया-इराणकडचा मानतात. मिरची, टोमॅटो, बटाटा आणि शेंगदाणा अमेरिका खंडांतले. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, सोळाव्या शतकात. पाव त्यांचाच. म्हणजे 'अस्सल नाशिकची' म्हणून जी तर्री आपण मिरवतो तिचा लाल रंग पोर्तुगीज येण्याआधी इथे शक्यच नव्हता. काळेपणा मात्र आपला : सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजायचा, आणि दगडफूल. दगडफुलाची एक पाकळी हातात द्या, वास घेऊ द्या. ते फूल नाही, दगडावर आणि झाडाच्या सालीवर वाढणारं शैवाक (शेवाळ आणि बुरशी यांची जोडी) आहे, हे सांगितलं की जपानी आणि फिनिश दोघंही फोटो काढतील.

जपानी पाहुण्याला एक उलट प्रश्न विचारा : शाकाहारी भारतीय तुमच्याकडे आला तर काय खाईल? हा खरा उपयोगाचा प्रश्न आहे. तिथे भाजी, नूडल्स, सूप, अगदी साध्या दिसणाऱ्या उकडलेल्या पालकावरही 'दाशी' असते, सुक्या बोनिटो माशाचं पाणी. 'मांस नको' सांगून भागत नाही, 'दाशी नको' सांगावं लागतं.

---

रोखठोक_सिडको

सगळं ठीक, पण एक तक्रार. 'समज म्हणजे वाईट, माहिती म्हणजे चांगली' असं धरून चाललंय. वर उपनगरवाल्या ताईंनीच डच स्पष्टवक्ते, जपानी 'चोत्तो' सांगितलं. तेही समजच ना?

---

उपनगर_जर्मन_वर्ग

आहेतच. फरक एवढा की 'नाही कसं म्हणतात' ही चालरीत आहे, ती शिकवली जाते, दिसते, चुकली तर लगेच कळते. 'डच लोक कंजूष' हा स्वभावाचा निवाडा आहे. २००५मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ४९ संस्कृतींमधला एक अभ्यास आला होता, सुमारे चार हजार लोकांना आपल्या देशाचा 'ठराविक माणूस' कसा ते विचारलं होतं. उत्तरं आणि त्या देशांतल्या लोकांच्या प्रत्यक्ष मोजलेल्या स्वभावाची सरासरी जुळलीच नाही. म्हणजे स्वतःच्या देशाबद्दलचासुद्धा अंदाज चुकतो.

प्रामाणिकपणावर वाद निघाला (निघतो) तर दुसरा अभ्यास आहे, २०१९चा. ४० देशांत, ३५५ शहरांत सतरा हजारांवर 'हरवलेली' पाकिटं बँका, टपाल कचेऱ्या, हॉटेलांच्या काउंटरवर दिली. देशादेशांत फरक पडला, मोठा पडला. पण ४०पैकी ३८ देशांत पैसे असलेलं पाकीट रिकाम्या पाकिटापेक्षा जास्त वेळा परत आलं. आधी सगळ्यांना अंदाज करायला सांगा, पैसे असले की परत येतील की नाही. बहुतेक जण उलटं सांगतील, कुठल्याही देशाचे असोत.

---

रोखठोक_सिडको

हे चालेल. आणि भारताबद्दलच्या समजांचंही तयार ठेवा, ते सहाही जण तुमच्याकडेच बघणार. 'सगळे भारतीय शाकाहारी' : प्यू संस्थेच्या २०१९-२० मधल्या पाहणीत ३९ टक्के प्रौढांनी स्वतःला शाकाहारी म्हटलं. 'सगळे हिंदी बोलतात' : २०११च्या जनगणनेत हिंदी मातृभाषा ४३.६ टक्के, मराठी ८.३ कोटी, म्हणजे तुमच्या जर्मन पाहुण्याच्या अख्ख्या देशाएवढी. 'भारत म्हणजे उकाडा' : त्यांना रात्री शाल द्या आणि निफाडच्या थंडीचं सांगा, जानेवारीत तिथे पारा पाच-सहा अंशांवर येतो.

फक्त पुणेकरांवर विनोद करून 'आमच्याकडेही समज आहेत' हे सांगायचा मोह आवरा. भाषांतरात तो मरतो आणि मुलीला दहा मिनिटं पाट्या समजावून सांगाव्या लागतात.

---

व्हिसा_फाईल_कॉलेजरोड

फिरण्याच्या विषयाचं मी सांगतो, कारण तिथे नकळत माणूस दुखावतो. जर्मन सहज म्हणेल, 'पुढच्या महिन्यात जपानला जाऊन येतो.' त्याला व्हिसा लागत नाही. आपल्याला आणि इराण्याला तीच गोष्ट म्हणजे बँकेचे कागद, विमा, हॉटेलची बुकिंग आणि वाट बघणं. 'मग या ना आमच्याकडे!' असं कुणी म्हटलं की मुलीने कटुता न आणता नेमकं सांगावं, की येण्यासाठी काय लागतं. बऱ्याच युरोपियनांना हे खरंच ठाऊक नसतं.

फिनलंड, जर्मनी, नेदरलँड्स तिन्ही शेंगेनमध्ये, एकूण २९ देश, एकच व्हिसा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, अर्ज नाकारला तरी परत नाही. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध, दोन कोरी पानं. अर्ज सहा महिने आधीपासून, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. कुठल्या देशाकडे? जिथे जास्त रात्री मुक्काम त्याच्याकडे. सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार. इथेच फायली अडकतात : अर्ज 'सोपा देश' म्हणून एकाकडे आणि बुकिंग सगळी दुसरीकडची. आणि १८० दिवसांत ९० दिवस, यात मागचा मुक्कामही मोजला जातो.

याला जोडून एक गोष्ट विचारा, सगळे टवकारतील. १ मार्च २०११नंतर इराणला जाऊन आलेल्या युरोपियनाला अमेरिकेची व्हिसामाफी मिळत नाही, त्याला दूतावासात रीतसर व्हिसा मागावा लागतो. जर्मन पाहुण्याच्या यादीत इस्फहान असेल तर इराणी पाहुणा हे आधी सांगेल.

स्वप्नं आणि आपल्या सुट्ट्या जुळत नाहीत, हा दुसरा रंगणारा विषय. नाशिकची कुटुंबं मे महिन्यात निघतात. मेमध्ये उत्तर फिनलंडमध्ये ध्रुवीय प्रकाश दिसत नाही, कारण रात्र काळी होतच नाही. तो ऑगस्टअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, तेही आभाळ निरभ्र असेल तर. टोकियोतला चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ऐन परीक्षांत. नेदरलँड्समधली कुकेनहॉफची ट्युलिपची बाग वर्षाला आठेक आठवडेच उघडी, मेच्या मध्यावर बंद. ब्राझीलचा बहुतेक भाग विषुववृत्ताच्या खाली, त्यांचा हिवाळा जून-जुलैत. शिवाय ब्राझीलहून परत येताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र हवं, प्रवासाआधी किमान दहा दिवस घेतलेली लस. नसेल तर इकडे उतरल्यावर विलगीकरण. तुमचा ब्राझीलचा पाहुणाही पिवळं पुस्तक घेऊनच आलेला असेल. त्याला दाखवायला सांगा, बाकीच्यांनी पाहिलेलं नसतं.

ब्राझील-जपानची एक जोडी फुकट मिळते : १९०८मध्ये 'कासातो मारू' जहाजातून जपानी मजूर सांतोस बंदरात उतरले, कॉफीच्या मळ्यांसाठी. आज जपानबाहेर जपानी वंशाची सर्वांत मोठी वस्ती ब्राझीलमध्ये आहे. दोघांना शेजारी बसवा.

आणि नाशिकचा मान ठेवा. भारताचे पासपोर्ट आपल्या नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापले जातात. घरातला एखादा पासपोर्ट टेबलावर ठेवा, मग सगळे आपापले काढतील. जपानचा दहा वर्षांचा लाल, पाच वर्षांचा गडद निळा. कुणाच्या पानावर काय चित्र, कुणाचं किती शिक्क्यांनी भरलेलं. यावर अर्धा तास जातो. फक्त पाहताना कुणी फोटो काढायचा नाही, आणि खेळ संपला की प्रत्येकाच्या हातात त्याचाच परत गेला ना, मोजून घ्या.

---

धरणकाठ_होमस्टे

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवलंय : पावणेसातला मका आणि द्राक्षं, साडेसातला जिल्ह्याच्या मापाने सुरुवात, आठला जेवण, जेवणानंतर चिठ्ठ्या, मग रेल्वे, मग पासपोर्ट. मिसळ दुसऱ्या दिवशी. ॲलर्जीचा मेल आजच टाकते. परदेशी पाहुण्यांची पोलिसांकडची नोंद ऑनलाइन करतो आम्ही, ती गप्पांच्या आधी झालेली बरी ना?

---

व्हिसा_फाईल_कॉलेजरोड

गप्पांची वाट बघूच नका. पाहुणा पोचल्यापासून २४ तासांच्या आत नोंद झाली पाहिजे, आणि त्याला पासपोर्ट व व्हिसाचं पान दोन्ही स्कॅन करून लागतात. पोचल्यावर चहा देतानाच मागून घ्या. इराणी पाहुण्याचं नाव पासपोर्टवर रोमनमध्ये जसं आहे तसंच भरा, तो तोंडाने सांगेल ते स्पेलिंग वेगळं असू शकतं.

---

काळा_मसाला

आणि ताई, पाव आदल्या दिवशीचे नकोत. सकाळी सहाला बेकरीतून माणूस पाठवा.